आमच्याकडे असंच करतात

गणपतीत यंदा सगळे घरी जमलो होतो. आरती झाली, जेवणं झाली, आणि सुपारी कातरता कातरता आत्याने नेहमीचा प्रश्न टाकला, "तू नक्की करतोस तरी काय रे?" गेली पंचवीस-तीस वर्षं ती हा प्रश्न विचारते आहे आणि तितकीच वर्षं मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर भागवतो आहे. या वेळी आतेभाऊ मध्ये पडला. म्हणाला, "अगं, तो मेनफ्रेमवर आहे. ते बंद पडलेलं असतं ना, ते." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर काही चैन पडेना, म्हणून हा लेख. माझ्याच धंद्यातल्या ब्लॉगवाल्या मित्रांनो, पहिले तीन-चार परिच्छेद गाळून पुढे गेलात तरी चालेल. आत्या, तू मात्र सगळं वाच. परीक्षा घेणार आहे. :-)

तर मंडळी, मेनफ्रेम बंद पडलेलं नाही. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टीम ३६० जाहीर केली, तिचीच पणतवंडं आजही मोठमोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचे रात्रीचे हिशेब करताहेत. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे झेड-ओएस. ती आयबीएम लिहिते, आपण वापरतो. पण प्रत्येक ऑफिसच्या तऱ्हा वेगळ्या. कुणाला रात्री अमुक प्रकारची कामं चालू द्यायची नसतात, कुणाला पासवर्डमध्ये कंपनीचं नाव चालत नाही, कुणाला प्रत्येक कामाच्या शेवटी खर्चाचा तक्ता छापून हवा असतो. त्यासाठी आयबीएमने आपल्या प्रोग्रॅमात ठरावीक ठिकाणी थांबे ठेवले आहेत. त्यांना म्हणतात एक्झिट.

लग्नात गुरुजी विधी सांगत असतात. सगळं ठरलेलं, पोथीतलं. पण मध्येच ते थांबतात आणि यजमानांकडे बघून विचारतात, "तुमच्याकडे काही कुळाचार?" असेल तर तेवढ्यापुरतं घरचं कुणीतरी पुढे होतं, आपलं करतं आणि मागे सरतं. मग पोथी पुढे. एक्झिट म्हणजे हेच. सिस्टीम थांबते, तुमच्या प्रोग्रॅमच्या हाती सगळं देते आणि परत येताना पंधराव्या रजिस्टरमध्ये कुठला आकडा आहे ते बघते. शून्य म्हणजे चालू द्या. दुसरा काही असेल तर त्याचा अर्थ त्या त्या थांब्यावर ठरलेला, म्हणजे काम रद्द करा, नोंद लिहू नका, वगैरे.

फरक एवढाच, की लग्नात कुळाचार चुकला तर एखादी काकू रुसते. इथे जो प्रोग्रॅम पुढे होतो तो बहुतेक वेळा सुपरवायझर स्टेटमध्ये, की झीरोमध्ये चालतो. म्हणजे सोसायटीच्या प्रत्येक फ्लॅटची किल्ली त्याच्याकडे. एक चुकीचा पत्ता, एक विसरलेलं रजिस्टर, आणि तो कुणाच्याही मेमरीत जाऊन लिहू शकतो. जेस-टू म्हणून कामांची रांग सांभाळणारा जो भाग आहे, त्याच्या मुख्य टास्कमधल्या एक्झिटने नुसतं कशासाठी तरी थांबायचं ठरवलं तरी सगळी रांग त्याच्यामागे ताटकळते. हे असेंब्लरमध्ये लिहायचं असतं आणि असेंब्लर येणारी माणसं आता हाताच्या बोटांवर. ही झाली प्रस्तावना.

आता भांडण.

माझं भांडण एका वाक्याशी आहे. "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय, अमेरिकेत क्लायंटच्या मीटिंगमध्ये इंग्रजीतून ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर स्वतःही अनेकदा म्हटलंय. एक्झिटच्या बाबतीत यापेक्षा घातक वाक्य मला माहीत नाही. कारण एक्झिट "चालतंय" हे कुणाला दिसतच नाही. ते बिघडलं की दिसतं, आणि कधी कधी तर बिघडल्यावरही दिसत नाही.

२००६ सालची गोष्ट. क्लायंट अमेरिकेतला, नाव सांगत नाही. आम्ही पुण्यातून त्यांची सिस्टीम सांभाळायचो आणि झेड-ओएस १.७ वर न्यायचं काम आमच्याकडे होतं. त्यांच्याकडे जेस-टूचा एक्झिट दोन होता. काम आत येताना जॉब कार्ड बघायचं, टेस्टवाल्याने प्रॉडक्शनचा क्लास मागितला असेल तर गपचूप टेस्टच्या क्लासमध्ये टाकायचं, एवढंच त्याचं काम. नवी आवृत्ती आली की जेस-टूचे एक्झिट नव्या मॅक्रोंसकट पुन्हा असेंबल करावे लागतात. केले. रिटर्न कोड शून्य. चेकलिस्टवर टिकमार्क. रविवारी पहाटे सिस्टीम वर आली, सगळे खूश, वडापाव मागवले.

गोम अशी होती, की १.७ मध्ये आयबीएमने इंटर्नल रीडरमधून येणाऱ्या कामांची तपासणी जेस-टूच्या घरातून काढून काम पाठवणाऱ्याच्या अंगणात नेली. त्या कामांसाठी एक्झिट दोन आता बोलावलाच जात नव्हता. त्याच्या जागी नवा एक्झिट बावन्न लिहायचा होता. (तीनच्या जागी त्रेपन्न, चारच्या जागी चोपन्न, विसाच्या जागी पन्नास. हा क्रम कुणी लावला देव जाणे.) आणि टीएसओवरून सबमिट केलेलं काम काय, शेड्यूलरने पाठवलेलं काम काय, सगळं इंटर्नल रीडरमधूनच येतं. पंच कार्डांचा खरा रीडर आता कुणाकडे आहे? म्हणजे आमचा एक्झिट दोन सिस्टीममध्ये होता, कमांड दिली की "एनेबल्ड" दिसत होता, आणि त्याला कुणी हाकच मारत नव्हतं. अबेंड नाही, मेसेज नाही. "चालतंय ना?" हो, चालत होतं की!

महिनाअखेरीला फुटलं. टेस्टवाल्यांना एव्हाना कळलं होतं की प्रॉडक्शनचा क्लास मागितला तर मिळतो. चार-पाच जणांनी मोठमोठी कामं टाकली, इनिशिएटर अडवले गेले, रात्रीचं बॅच लांबलं आणि सकाळी सहाला उघडायची ऑनलाइन सिस्टीम वेळेत उघडली नाही. मग कॉन्फरन्स कॉल. पलीकडे चौदा माणसं, अलीकडे आम्ही तिघं. असेंबल कुणी केलं होतं? आमच्यातला एक पोरगा होता, नांदेडकडचा, जेमतेम दोन वर्षं झालेली, फार चांगला. त्याने केलं होतं. त्याने जे सांगितलं तेच केलं होतं. मायग्रेशनच्या पुस्तकात एक्झिटबद्दलचा तो भाग होता, स्पष्ट लिहिलेला होता, आणि तो वाचायचं काम त्याचं नव्हतं. माझं होतं. चेकलिस्टवर "एक्झिटचा आढावा घेतला" या ओळीपुढे सही माझी होती. आढावा म्हणजे काय, तर रिटर्न कोड शून्य बघितला.

त्याला आठवड्याभरात प्रोजेक्टवरून काढलं. मी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरकडे जाऊन बोललो, तेव्हा ते म्हणाले, "आता क्लायंटला नाव सांगून झालंय, विषय वाढवू नकोस." मी वाढवला नाही. त्यानंतर त्याची-माझी गाठ नाही. हे मी इतक्या वर्षांत कुठे लिहिलं नव्हतं. असो.

म्हणून कुणी "चालतंय ना" म्हणालं की माझं डोकं फिरतं. चालतंय म्हणजे काय? त्याला हाक मारली जाते का? मारली तर तो काय उत्तर देतो? ते उत्तर आजही बरोबर आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या ऑफिसात कुणीच देऊ शकत नाही, त्या ऑफिसाला तो एक्झिट चालवायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कठोर वाटेल. वाटू दे.

आता दुसरी बाजू. हल्ली सल्लागार नावाची जमात येते. त्यांचं ब्रीद, "सगळं व्हॅनिला करा, एक्झिट म्हणजे कचरा, काढून टाका." यांच्याशीही माझं भांडण आहे, जरा कमी. ते अर्धं बरोबर बोलतात, पण न वाचता बोलतात. एक्झिट काही कुणा हौशी पोरांनी मारलेलं भोक नाही. जेस-टूचा पूर्वज हॅस्प. तो साठच्या दशकात ह्यूस्टनला, नासाच्या कामावर असलेल्या आयबीएमच्या माणसांनी लिहिला. तेव्हा सोर्स ग्राहकाला मिळायचा आणि लोक तो सरळ आपल्याला हवा तसा बदलायचे. पुढची आवृत्ती आली की आपले बदल पुन्हा शिवत बसायचे. १९८३ साली आयबीएमने ऑब्जेक्ट कोड ओन्ली असं धोरण जाहीर केलं, म्हणजे यापुढे हळूहळू नुसता तयार कोड मिळेल, सोर्स नाही. बरीच आरडाओरड झाली. (जेस-टूचा सोर्स त्यानंतरही मिळत राहिला, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळलं होतं.) तेव्हा एक्झिट हा ग्राहकाच्या हातात राहिलेला रीतसर दरवाजा होता. पोथी फाडू नका, पण कुळाचाराला जागा ठेवली आहे, असा तो करार. तो करार चांगलाच होता. घाण आपण केली.

कशी केली ते सांगतो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त एक्झिट हे ऑफिसातलं भांडण असेंब्लरमध्ये सोडवण्याचे प्रकार असतात. अमुक टीम फार मेमरी खाते. तिच्या मॅनेजरला समोर बसवून सांगायला हवं. ते कोण सांगणार? त्यापेक्षा सिस्टीम प्रोग्रॅमरला सांगा, तो चार ओळी घालेल. आणि आम्ही घालतो! कारण आम्हाला त्यात गंमत वाटते. शिवाय कुणाशी बोलावं लागत नाही. सिस्टीम प्रोग्रॅमर ही जात मुळात कुणाशी बोलायला लागू नये म्हणून या धंद्यात येते.

दुसऱ्या एका ठिकाणचं उदाहरण. आयईएफयूएसआय नावाचा एक्झिट असतो, प्रत्येक स्टेप सुरू होताना किती मेमरी द्यायची ते ठरवणारा. साधारण २०११ च्या सुमारास तिथे बॅचमध्ये जावा चालवायचा प्रयत्न चालला होता. जावाला मेमरी भरपूर लागते. प्रोग्रॅमरने जेसीएलमध्ये रीजन झीरो एम लिहिलं, म्हणजे "हवी तेवढी घे". तरी मेमरी संपली म्हणून काम पडायचं. बिचारा दोन आठवडे जावाचे पर्याय उलटसुलट करत होता. शेवटी आमच्याकडे आला. आम्हाला माहीत होतं आयईएफयूएसआय आहे, पण तो काय करतो हे कुणालाच माहीत नव्हतं. सोर्स शोधला. नाही. ज्याने लिहिला त्याच्या स्वतःच्या डेटासेटमध्ये होता, तो माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा नियमाप्रमाणे त्याचा युजरआयडी काढला आणि त्याबरोबर त्याचे सगळे डेटासेटही. लोड मॉड्यूल तेवढं उरलं, आणि दर अपग्रेडला इकडून तिकडे कॉपी होत राहिलं. एसएमपीईमधून यूजरमॉड म्हणून टाकलं असतं तर निदान नोंद राहिली असती. तीही नव्हती.

मग आम्ही ते मॉड्यूल हेक्समध्ये छापून पेन्सिल घेऊन बसलो. डी५ दिसलं की तुलना, डी२ दिसलं की नक्कल, ०७एफई म्हणजे आल्या वाटेने परत. चारशेच्या आसपास बाइट, त्याला अख्खी दुपार गेली. निघालं काय? जॉबच्या नावाची पहिली तीन अक्षरं सात नावांशी ताडून बघायची, त्यात नसेल तर बत्तीस मेगाबाइटच्या वर द्यायचं नाही, मग जेसीएल काहीही म्हणो. त्या सात नावांपैकी पाच अ‍ॅप्लिकेशन्स कधीच बंद झालेली होती. म्हणजे मेलेल्या पाच जणांना पंक्तीत राखीव पाट, आणि दारात आलेल्याला "जागा नाही".

तिथला सगळ्यात जुना माणूस काय म्हणाला सांगू? "इथे पहिल्यापासून असंच आहे."

बरं, आता तर सबबही उरलेली नाही. मेमरीच्या मर्यादा घालायला २०१५ च्या झेड-ओएस २.२ पासून एसएमएफलिम नावाचा पार्मलिबचा मेंबर आहे. साध्या वाचता येणाऱ्या ओळी, असेंब्लर नको. जेस-टूमध्ये २०१९ च्या २.४ पासून पॉलिसी आल्या आहेत, जेसनमध्ये लिहायच्या, कालची शिकाऊ पोरगीसुद्धा वाचू शकते. आणि जे एक्झिट ठेवायचेच आहेत त्यातले बरेचसे सेटप्रॉग कमांडने चालत्या सिस्टीमवर लावता-काढता येतात, इतक्या वेळा अबेंड झाला तर आपोआप बंद हो असंही सांगता येतं. हे सगळं असून लोक करत का नाहीत? कारण ते कुणाच्या तासांत बसत नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये सर्व्हरची यादी असते, लायसन्सची असते, डिस्कची असते. एक्झिटची यादी मी एकाही कॉन्ट्रॅक्टमध्ये पाहिलेली नाही. दर आवृत्तीला प्रत्येक एक्झिट उघडून वाचायला दोन दिवस मागा, "त्यात काय वाचायचंय, असेंबल तर झालं ना" असं उत्तर येतं. त्या दोन दिवसांचे पैसे वाचतात आणि नांदेडचा पोरगा घरी जातो.

मी एक्झिटच्या विरुद्ध नाही, हे पुन्हा सांगतो. माझा स्वतःचा एक आहे. आयईएफएसीटीआरटी. १९९९ साली लिहिलेला, अजून चालू. प्रत्येक स्टेप संपली की जॉब लॉगमध्ये एक ओळ छापतो, स्टेपचं नाव, रिटर्न कोड, सीपीयू किती खाल्ला, किती आय-ओ केलं. प्रोग्रॅमर मंडळींचा तो फार लाडका. (त्याच्या आधीच्या एक्झिटमध्ये वर्षाच्या आधी "१९" हे आकडे सरळ टाइप केलेले होते. एसएमएफच्या तारखेत शतकाचा आकडा वेगळा असतो तो कुणी बघितलाच नव्हता. १ जानेवारी २००० ला त्याने १९०० छापलं असतं, म्हणून तर मला नवा लिहायला सांगितलं.) मी सोर्स नीट ठेवला, टिप्पण्या लिहिल्या, यूजरमॉड केला, दर अपग्रेडला उघडून बघितला. आत्तापर्यंतचा सगळा उपदेश मी या एका एक्झिटच्या जोरावर करत होतो, हे मान्य करतो.

पुढच्या मार्चमध्ये मी रिटायर होतोय. त्यामुळे गेले दोन महिने सगळं एका मुलीला समजावून देतोय. साताऱ्याची आहे, असेंब्लर स्वतःहून शिकली. मागच्या गुरुवारी रात्री साडेनऊला तिचा फोन.

"सर, तुमच्या एसीटीआरटीमध्ये दोनशे दहाव्या ओळीनंतर जॉबच्या नावाची एक तुलना आहे. त्या नावाने सुरू होणारा जॉब असेल तर ओळ छापतच नाही. वर टिप्पणीत नुसतं 'विनंतीवरून' लिहिलंय. कुणाच्या विनंतीवरून?"

मी गप्प. मला लगेच आठवलं. २००१ किंवा २००२ असेल. एका टीमचा लीड होता, त्यांची कामं सीपीयू प्रचंड खायची आणि माझ्या तक्त्यामुळे ते सगळ्यांना दिसायचं. त्याने कँटीनमध्ये गाठून सांगितलं, आमचं तेवढं छापू नका हो. चहा त्याने पाजला. मी चार ओळी घातल्या. दर अपग्रेडला उघडून बघत होतो म्हणालो ना? बघत होतो. त्या चार ओळींवरून नजर फिरत होती.

"सर? लाइन गेली का?"

"नाही. आहे. एका चहाच्या विनंतीवरून," मी म्हणालो, आणि तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने विचारलं, "मग ती टीम अजून आहे का?" टीम नाही, अ‍ॅप्लिकेशनही नाही. पण त्याच अक्षरांनी सुरू होणारी नवी कामं दीड वर्षापासून आहेत. त्यांची आकडेवारी लॉगमध्ये का येत नाही म्हणून तिकडची मंडळी आमच्याकडे तिकिटं टाकताहेत, आणि आम्ही "तपासतो" म्हणून ती बंद करतोय. एक तिकीट मी स्वतः बंद केलंय.

शुक्रवारी तिने त्या चार ओळी काढल्या, टेस्टवर लावून बघितलं. टिप्पणीत तारीख, कारण आणि स्वतःचं नाव लिहिलं. माझं १९९९ चं नाव वर तसंच ठेवलंय. प्रॉडक्शनवर येत्या रविवारी पहाटे चारला लावायचं आहे. कमांड ती देणार आणि मी शेजारी बसणार. त्यामुळे आत्या, रविवारी सकाळी फोन करू नकोस, मी झोपलेला असेन. आणि नांदेडच्या त्या पोराला कुणी ओळखत असेल, तो आता चाळिशीचा असेल, तर हा लेख त्याच्यापर्यंत पोचवा.